दातपरीचा डॉलर

गॉर्डीनं मला पर्स उघडून दाखवायला सांगितली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उघडायची कशाला, मी ती पालथीच केली, त्याच्या बापाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या, बसचा पास, माझ्या लेकीचा, जोसीचा, एका हाताचा लोकरी मोजा, चुरगळलेले कागदी रुमाल, अर्धं खाल्लेलं चॉकलेट. गॉर्डीनं खिशातलं पेन काढलं आणि त्याच्या टोकानं एकेक वस्तू बाजूला सारून बघितली. हात म्हणून लावला नाही.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "का बूट पण काढू?"

"आवाज हळू," तो म्हणाला. "बाबा झोपलेत."

बाबा म्हणजे आयनार टॉलेफसन. ऐंशी ओलांडलेली, जन्मापासून मोठ्या तलावाकाठच्या डुलुथमध्येच, उमेदीची सगळी वर्षं धक्क्यावर बोटींत लोखंडाची माती भरण्यात गेली, आणि आता हृदय आज चालतंय तर उद्या रुसतंय. मी रोंडा मार्टिनो. एजन्सीतर्फे सोमवार ते शुक्रवार त्यांच्याकडे जाते. दाढी, आंघोळ, औषधं, जेवण, थोडं चालवणं आणि पुष्कळ ऐकणं. गॉर्डी त्यांचा एकुलता एक मुलगा. राहतो खाली मिनियापोलिसला, विम्याच्या धंद्यात आहे, तोंड दाखवतो सणासुदीला. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला, गुरुवारी आला, टर्की खाल्ली, सोफ्यावर लोळून फुटबॉल बघितला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यावर चोरीचा आळ घेतला.

चोरी कशाची, तर एका डॉलरची. हसू नका. मीही आधी हसलेच होते.

आयनारच्या बैठकीच्या खोलीत, त्यांच्या बायकोच्या, मार्जच्या फोटोशेजारी एक छोटी चौकट आहे. तिच्यात गोल प्लास्टिकची डबी आणि डबीत सोनेरी डॉलर. सोनेरी म्हणजे सोन्याचा नव्हे, नुसता रंग. एका बाजूला पाठीवर तान्हं पोर बांधलेली बाई आणि दुसऱ्या बाजूला उडता गरुड. दोन हजार साली सरकारनं असे कोट्यवधी पाडले. लोकांनी कौतुकानं घेतले, बरणीत टाकले आणि विसरून गेले. आजही एक डॉलरचा एकच डॉलर येतो.

पण त्याच वर्षी, नाणं अगदी नवंकोरं असताना, जाहिरात म्हणून थोडी नाणी खाऊच्या खोक्यांत घातली होती. सकाळी दुधात टाकून खातात त्या ओटच्या कड्यांच्या खोक्यांत. आणि त्यातल्या काही नाण्यांवर गरुडाच्या शेपटीची पिसं निराळी होती, बारीक बारीक रेघा कोरलेली. पुढे साचा बदलला आणि शेपटी गुळगुळीत झाली. कित्येक वर्षं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा नाण्यांचा नाद असलेले लोक वेडे झाले. शेपटीवरच्या चार रेघांसाठी चार-पाच हजार डॉलर द्यायला तयार! म्हणे, अशी जगात मोजकीच आहेत.

आयनारना त्यातलं एक मिळालं होतं. "त्या हिवाळ्यात आमच्याकडे तिन्ही त्रिकाळ ओट," ते सांगायचे. "मार्ज म्हणायची, मी घोड्याशी लग्न केलंय की काय. आणि शेवटी तिनंच उघडलेल्या खोक्यात निघालं बघ." ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मार्जला मी कधी पाहिलेलं नसून तिचा आवाज मला येतो.

नाण्यावरची बाई शोशोनी जमातीची. मी ओजिब्वे. दोन्ही इथल्या मूळच्याच जमाती, पण वेगळ्या. डुलुथमधल्या गोऱ्यांना तेवढा फरक कुठला कळायला! गॉर्डीनं एकदा विचारलं होतं, "ही तुमच्यापैकीच ना?" मी म्हटलं, "हो, माझी मावशी." पोर पाठीवर घेऊन ती नाण्यावरची बाई दोनशे वर्षांपूर्वी वाट शोधणाऱ्या साहेबलोकांबरोबर पार समुद्रापर्यंत तंगडतोड करत गेली आणि पगार मिळाला तिच्या नवऱ्याला. त्यामुळे खरंच मावशी असती तरी मला आश्चर्य वाटलं नसतं.

तर शुक्रवारी सकाळी गॉर्डीनं ती डबी गुपचूप काढली आणि व्हर्न केटोलाच्या दुकानात नेली. विमा उतरवायचा म्हणे. व्हर्न नाण्यांचा व्यापारी, आयनारचा जुना दोस्त. त्यानं भिंग लावलं आणि सांगितलं, शेपटी गुळगुळीत आहे, हे साधं नाणं आहे, कुणीतरी बदललंय. एवढ्यावर थांबला असता तर व्हर्न कसला. तो पुढे म्हणाला, तुमच्याकडे कामाला येते ना ती रोंडा, ती मागच्याच महिन्यात माझ्याकडे अशाच नाण्याचा भाव विचारून गेली.

"गेला होतात की नाही?" गॉर्डीनं विचारलं.

"गेले होते."

"कशासाठी?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये माझ्या जोसीचा पहिला दात पडला. आमच्याकडे पोरं पडलेला दात उशीखाली ठेवतात, रात्री दातपरी, म्हणजे अर्थात आईबाप, तो नेते आणि बदल्यात पैसे ठेवते. आयनारची दाढी करता करता मी त्यांना सहज म्हणाले. ते म्हणाले, "उशीखाली काय ठेवणार?" मी म्हटलं, "पंचवीस सेंटवाली दोन नाणी आहेत पाकिटात."

"पहिल्या दाताला सुट्टे पैसे?" ते अर्ध्या दाढीनिशी माझ्याकडे वळले. "दातपरी काय भिकेला लागली का?"

दाढी झाल्यावर त्यांनी मला कॉफी करायला पिटाळलं. मी कप घेऊन परत आले तर हे रुमालात काहीतरी घेऊन बसलेले. उघडलं तर सोनेरी डॉलर. दोन बोटांत, फक्त किनारीला धरून त्यांनी तो माझ्यासमोर केला. "असा धरायचा. आणि घासूनपुसून चकचकीत करायचा नाही, जोसीला सांग."

एजन्सीचा नियम आहे, ज्याच्याकडे काम करतो त्याच्याकडून टाचणीसुद्धा घ्यायची नाही. मार्जची शाल त्यांनी मला दोनदा देऊन बघितली, दोनदा मी कपाटात परत ठेवली. पण एक डॉलर! तोही पोरीच्या दातासाठी! मी घेतला. घेतला खरा, पण बसमध्ये मनात किडा वळवळायला लागला. डबीतलं तर भिंतीवर जागच्या जागी दिसत होतं, मग हे एवढं जपून कशाला धरलं म्हाताऱ्यानं? दुसऱ्याच्या घरात काम करणाऱ्या बाईनं संशयी असावंच लागतं, नाहीतर एक दिवस नको ते गळ्यात पडतं. व्हर्नचं दुकान आमच्या बसथांब्यासमोरच. मी सरळ आत गेले आणि नाणं त्याच्या काचेवर ठेवलं. "ह्याचं काय येईल?"

व्हर्ननं नाण्यावरच्या बाईकडे बघितलं, साल बघितलं, आणि एका बोटानं नाणं माझ्याकडे परत सरकवलं. "दोन हजार सालचं. खंडीभर आहेत असली. एक डॉलर, बाई. जा, डोनट खा."

माझा जीव भांड्यात पडला. त्या रात्री नाणं जोसीच्या उशीखाली गेलं. एवढीच काय ती माझी चोरी.

गॉर्डीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. विम्यातली माणसं अशी ऐकतात, मान हलवत, आणि मग दावा फेटाळतात.

"असं झालं असेल," तो म्हणाला. "बाबांनी तुम्हाला त्यांच्या सुट्ट्या पैशांच्या बरणीतलं साधं नाणं दिलं. तुम्ही भाव काढलात, तो निघाला एक डॉलर. मग तुम्ही ते साधं डबीत ठेवलंत आणि खरं उचललंत."

यावर भांडावं तरी कसं? कारण ऐकायला ते पटण्यासारखं होतं! मी तिऱ्हाईत असते तर मीही मान हलवली असती.

"बाबांनी दिलेलं नाणं माझ्या पोरीकडे आहे," मी म्हटलं. "अजून आहे. आणून दाखवते. म्हणजे डबीतलं ते नव्हे हे तरी कळेल तुम्हाला."

"आणा. सोमवारी सकाळी मी एजन्सीला फोन करणार आहे. आणि बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. त्या नाण्यात त्यांचा जीव आहे. गेलं हे कळलं तर ते खुर्चीतच जातील. तुम्हाला त्यांची काळजी असेल तर तोंड बंद ठेवाल."

एजन्सीला फोन म्हणजे काय, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. चोरीची एक तक्रार नावापुढे लागली की या राज्यात कुणाच्याही घरात पाऊल टाकायला मिळत नाही. मला दुसरं काही येत नाही हो. आणि नुसत्या कामाचंच नाही, आयनार मला चोर समजून मेले असते तर मी काय केलं असतं?

बसमध्ये मी एकेकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होते. गॉर्डीनंच विकलं असेल. बापाला वृद्धाश्रमात टाकायचंय, आधी मला हाकलायचंय. नाहीतर व्हर्ननं हातचलाखी केली असेल, सकाळी खरं घेतलं आणि साधं परत दिलं, कोण बघायला होतं तिथं? दोघांची मिलीभगतही असेल. घर येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं डुलुथ चोर झालं होतं.

जोसी शेजारणीकडे रंगवत बसलेली. "तुझा दातपरीचा डॉलर कुठाय गं?"

"आजीनं नेलाय," ती म्हणाली. "बिंगोला. लकी आहे म्हणे."

कपाळाला हात लावला मी. माझी आई आणि तिचा बिंगो, आकडे पुकारले की कार्डावर ठप्पे मारत बसायचं! तशीच वस्तीच्या हॉलवर गेले. आई सहा कार्डं पसरून बसलेली, एका हातात शाईचा ठप्पा, आणि कार्डांच्या मधोमध, राजासारखा, माझा डॉलर.

"आई, तो दे इकडे."

"गप्प बस. एक आकडा राहिलाय."

"आई!"

"बी-नऊ येऊ दे, मग घे. इतकी वर्षं थांबली दातपरी, पाच मिनिटं तू थांब."

बी-नऊ काही आला नाही. पलीकडच्या टेबलावरची बाई 'बिंगो' म्हणून ओरडली, आईनं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि डॉलर माझ्या हातावर आपटला. "घे. मेल्यात काही दम नाही."

तो गरुडाची बाजू वर करून पडला. हॉलमधले दिवे लख्ख. मी सहज बघितलं, आणि मग नाणं डोळ्यांजवळ नेलं. शेपटीवर रेघा होत्या. बारीक, सरळ, प्रत्येक पिसाला. ज्या रेघांची गोष्ट मी दोन वर्षं रोज कॉफीबरोबर ऐकत होते, त्याच रेघा.

मी आईशेजारची खुर्ची ओढली. काय झालं म्हणून आईनं विचारलं आणि मी तिला सांगितलं, कानात, एका दमात. तिनं ठप्पा खाली ठेवला. आईनं बिंगोच्या मधे ठप्पा खाली ठेवलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

"म्हणजे चोरीचा माल तुझ्याच हातात," ती म्हणाली.

"मी चोरला नाही!"

"मी कुठे म्हणते? पण तो विम्यावाला म्हणणार. दाखवलंस तर चोर, नाही दाखवलंस तरी चोर. त्यापेक्षा त्या कार्डं विकणाऱ्या खिडकीवर दे आणि नवीन कार्ड घे. सांग, पोरीनं हरवला. पोरं हरवतात."

ती चेष्टा करत नव्हती. आणि मी खोटं कशाला बोलू, त्या खिडकीकडे मी बघितलं. एक डॉलर, एक कार्ड, की मामला मिटला. कुणाला कधी कळलं नसतं. मग मला वाटलं, मिटला कसा? नाणं गेलं तरी आळ राहतोच. आणि मग तो खरा ठरतो.

रात्रभर ते नाणं मी जोसीच्या मोज्यात गुंडाळून उशीखाली ठेवलं. झोप कसली लागतेय! आयनारवरसुद्धा माझा संशय गेला. म्हाताऱ्यानं मुद्दाम तर नसेल अडकवलं मला? की विसरला, हाताला येईल ते दिलं? विसरला असेल तर त्याच्या शब्दाला काय किंमत? गॉर्डी म्हणेल, बाबांना काही आठवत नाही, हिनं फायदा घेतला. ज्याला मी रोज आंघोळ घालते त्याच्याबद्दल असले विचार आले याची मला लाज वाटली, पण आले.

शनिवारी सकाळी व्हर्ननं दुकान उघडलं तेव्हा मी दारातच उभी होते. त्यानं मला बघितलं आणि गल्ल्याच्या मागे सरकला.

"हे बघ रोंडा, मला तुमच्या भानगडीत पडायचं नाही..."

मी नाणं काचेवर ठेवलं. बाईची बाजू वर. "ह्याचं काय येईल?"

त्यानं बाईकडे बघितलं, साल बघितलं, आणि त्याचं ते बोट पुढे आलं. "एक डॉलर. तुला मागेच..."

"उलटून बघ."

"अगं, दोन हजार सालची..."

"उलट म्हणते ना!"

त्यानं उलटलं. मग डोळ्याला भिंग लावलं. मग टोपी काढून काचेवर ठेवली. त्याच्या टकलावर घाम आला होता, बाहेर बर्फ आणि दुकानात हीटर धड चालत नाही, तरी.

"हे तुझ्याकडे कसं आलं?" तो हळूच म्हणाला. बघा, पहिला प्रश्न हाच!

"तू दिलंस," मी म्हटलं. "ऑक्टोबरमध्ये. ह्याच काचेवर, ह्याच बोटानं. वर डोनट खा म्हणालास."

"हेच होतं?"

"हेच होतं. उलटलं होतंस तू?"

व्हर्ननं भिंग खाली ठेवलं. "पहिली काही वर्षं प्रत्येक उलटायचो," तो म्हणाला. "रोज कुणीतरी येतं, सोन्याचं आहे का म्हणून. हजारो उलटली असतील. एकाच्याही शेपटीवर रेघ नाही. मग सोडून दिलं. आता नुसतं साल बघतो."

"नाणं उलटायचा कंटाळा आला तुला. माझं नाव गॉर्डीला सांगायचा नाही आला!"

"रोंडा..."

"चोर असते तर चोरीचा माल आयनारच्या सख्ख्या दोस्ताच्या काचेवर आणून ठेवला असता मी? माझं डोकं फिरलंय?"

त्यानं दुकानाच्या दारावर बंदची पाटी फिरवली आणि कोट चढवला. "चल," म्हणाला. "आणि ते नाणं किनारीला धर."

आयनारच्या घराचं दार गॉर्डीनं उघडलं. व्हर्नला माझ्याबरोबर बघून त्याच्या भुवया वर गेल्या. व्हर्न उंबऱ्यातच उभा राहून बोलला, बर्फात, टोपी हातात. "गॉर्डी, नाणं मिळालंय. तिनं ते मला महिन्यापूर्वीच दाखवलं होतं. मी उलटलं नाही. चूक माझी."

"म्हणजे तिच्याकडे होतं," गॉर्डी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, मी शपथेवर सांगते. "कबूलच करताय तुम्ही! आता एजन्सी कशाला, पोलिसांनाच..."

"तुमच्या बाबांनी दिलंय ते!"

"बाबा असलं नाणं कुणाला देतील? आईचं नाणं? मला नाही दिलं त्यांनी!"

"मग विचारा त्यांना. तुम्ही विचारत नाही, मला विचारू देत नाही. कशाला घाबरता?"

"त्यांचं हृदय..."

"कोण आहे तिकडे?" आतून आवाज आला. "रोंडा का? आज शनिवार ना?"

गॉर्डी दारात आडवा होता. मी त्याच्या काखेखालून आत शिरले. कुणाच्या घरात असं शिरायचं नसतं, तोही नियम आहे. आयनार खिडकीशी खुर्चीत, मांडीवर घोंगडी, समोर तलावात बंदराकडे येणारी बोट. मी बोलायचं खूप ठरवलं होतं. मी नुसतं नाणं त्यांच्यापुढे धरलं. त्यांची दोन बोटं आपोआप किनारीवर गेली.

त्यांनी ते उलटलं, शेपटी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जोसीचं नाणं इथं कसं?" ते म्हणाले. "नको म्हणाली का ती?"

गॉर्डी पुढे आला. "बाबा, हे कुठलं नाणं आहे माहितीये का तुम्हाला?"

"माझ्या डोक्यात पाणी झालंय असं वाटतं का तुला? मार्जच्या खोक्यातलं."

"मग भिंतीवर काय आहे?"

"बरणीतलं एक. रिकामी डबी मार्जच्या शेजारी बरी दिसेना."

"बाबा, चार-पाच हजारांचं नाणं तुम्ही एका दातासाठी दिलंत?"

"पहिल्या दातासाठी," आयनार म्हणाले. "तुझ्या पहिल्या दाताला काय दिलं होतं आठवतं? एवढा मोठा आयझेनहॉवरचा डॉलर. पहिल्याच वर्षीचा. मार्जनं बँकेत रांगेत उभं राहून आणला होता. तू तो दुकानात मोडलास आणि गोळ्या खाल्ल्यास."

"मी सहा वर्षांचा होतो!"

"जोसीही सहाचीच आहे. तिनं ठेवला की नाही?"

बिंगोबद्दल मी काही बोलले नाही. व्हर्ननं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. गॉर्डी मात्र अजून हटेना. "तरीही रोंडाला ते घेता येत नाही. एजन्सीचा नियम आहे. तिनंच सांगितलंय."

"रोंडाला कुठे दिलंय? तिला सांगितलं असतं तर घेतलं असतं का तिनं? मार्जची शाल नाही घेतली. मी जोसीला दिलंय. जोसी काय एजन्सीत कामाला आहे?"

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. थांबेचना. आयनार गोंधळून एकेकाकडे बघायला लागले. "काय झालंय? रोंडा का रडतेय? व्हर्न, तू टोपी काढून असा काय उभा, कुणी मेलंय का?"

व्हर्ननं माझ्याकडे बघितलं. गॉर्डीनंही बघितलं. पेनाच्या टोकानं माझा मोजा बाजूला सारणारा तो माणूस आता मला डोळ्यांनी विनवत होता, सांगू नका. आणि मी नाही सांगितलं. त्याच्यासाठी नव्हे. घरात त्यांच्या पोटच्या पोरानं काय केलं हे ऐकलं असतं तर म्हाताऱ्याचं हृदय खरंच रुसलं असतं.

"जोसीचं नाणं मी इथंच ठेवायचं म्हणतेय," मी डोळे पुसत म्हटलं. "मोठी झाली की घेऊन जाईल. आमच्या घरात त्याची धडगत नाही, आई आहे."

"तेवढ्यासाठी रडतेस होय?" आयनार म्हणाले. व्हर्ननं डबी उघडून साधं नाणं काढलं, खरं आत ठेवलं आणि चौकट पुन्हा मार्जच्या शेजारी टांगली. साधं नाणं आयनारनी माझ्या हातावर ठेवलं. "हे पुढच्या दाताला. हलतोय म्हणालीस ना?"

निघताना गॉर्डी फाटकापर्यंत आला. गैरसमज झाला म्हणाला. सोमवारी नेहमीसारख्या याल ना, म्हणाला. माफी हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला, तो तिथंच राहिला. मी येते म्हटलं. आयनारची औषधं दुसऱ्या कुणाला धड जमत नाहीत.

जोसीचा दुसरा दात डिसेंबरमध्ये पडला. सकाळी उठून तिनं उशीखालचा डॉलर काढला, उलटून शेपटी बघितली आणि म्हणाली, "आई, ह्या परीनं साधाच दिला." व्हर्नच्या दुकानात आता म्हणे प्रत्येक नाणं उलटलं जातं, गिऱ्हाईक कंटाळतं.

ख्रिसमसच्या आठवड्यात गॉर्डी पुन्हा आला. माझं काम आटोपलं, आयनारना मी खिडकीशी बसवलं, कोट घातला आणि स्वयंपाकघरात आले. तो कॉफी पीत उभा होता. मी टेबलासमोर थांबले आणि पर्स उघडली.

"रोंडा, काय करताय?" तो म्हणाला.

"काही नाही." मी किल्ल्या काढून ठेवल्या. मग बसचा पास.

"प्लीज. याची काही गरज नाही."

"असू दे. तुम्ही बघून घ्या. पेन आहे ना खिशात?"

तो तांबडालाल झाला. बाहेर जाता येईना, कारण दार माझ्या मागे होतं, आणि बापाच्या खोलीत जावं तर तो विचारणार. कप हातात धरून तो तसाच खाली बघत उभा राहिला. आतून आयनारनी हाक मारली, "रोंडा, अजून गेली नाहीस?"

"निघालेच," मी ओरडले. खोकल्याच्या गोळ्या. जोसीचे मोजे, आता दोन्ही. घाई कसली, बस यायला अजून वेळ होता.